चोच, कट्टा आणि गप्प बसलेला सेन्सर

कोलशेत रोड, ठाण्याहून एक वाचक लिहितात : काका, मागच्या दिवाळीत मी दोन दारांची सेकंड हँड स्पोर्ट्‌स कार घेतली. बाबा तिला ‘चटईवर बसवणारी गाडी’ म्हणतात, कारण बसताना वाकावं लागतं आणि उठताना कोणाचा तरी हात धरावा लागतो. पण रविवारी पहाटे पाम बीच रोडला लागलो की बाबाही काही बोलत नाहीत. रडगाणं घरी आल्यावर सुरू होतं. आमचं पार्किंग पोडियमच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. माझ्या जागेच्या टोकाला भिंत आहे आणि भिंतीच्या पायथ्याशी पाइप झाकायला बांधलेला सिमेंटचा बुटका कट्टा. उंची १५ सेंटिमीटर, रुंदी ३५. माझ्या पुढच्या बंपरची खालची कड, म्हणजे गाडीची चोच, जमिनीपासून साडेअकरा सेंटिमीटरवर आहे. सगळं टेप लावून मोजलंय. मी भिंतीकडे बघत गाडी आत घेतो आणि भिंत लांब असतानाच खालून ‘खर्र’ ऐकू येतं. चार महिन्यांत तीनदा झालं. वाशीच्या एका दुकानदारानं सांगितलं, पुढे चार पार्किंग सेन्सर टाका, टेन्शन खतम. त्यासाठी बंपरला चार भोकं पाडावी लागणार. बायको म्हणते, त्यापेक्षा ओरखडे परवडले. शिवाय सोसायटीचा रॅम्प उतरतानाही कधी कधी चोच टेकते, ते वेगळंच. भोकं पाडू का?

उत्तर : सूनबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे आणि दुकानदाराचंही निम्मंच. तुम्ही टेप लावलीत हे फार बरं केलंत. नाहीतर येणारा प्रत्येक जण पंजा आडवा धरून ‘एवढी खाली आहे हो’ म्हणून दाखवतो, आणि पंजा प्रत्येकाचा वेगळा.

आधी माझी एक फजिती ऐका. वागळे इस्टेटला रोड नंबर २२ जवळ आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. आता भाचा बघतो. पंधराएक वर्षांपूर्वी तुमच्यासारखीच एक बुटकी गाडी आली होती. मालकांना पुढे सेन्सर हवे होते. मी चार बसवले. भोकं सुबक, टोप्यांचा रंग बंपरशी जुळवलेला. काम दाखवायला मीच गाडीत बसलो आणि दारातल्या पाण्याच्या टाकीच्या ओट्याकडे गाडी हळूहळू नेली. टूं, टूं, मग टूंटूंटूं. मी ऐटीत मान डोलावली. तेवढ्यात आवाज बंद पडला. मला वाटलं, ओटा अजून लांब आहे, माझाच अंदाज चुकला. म्हणून आणखी वीतभर पुढे घेतली. खर्र! मालक शेजारीच उभे होते. बंपर माझ्या खर्चानं रंगवून दिला, आणि त्या रात्री पाटीवर खडूनं गणित मांडलं. ते आधी मांडायला हवं होतं.

सेन्सर हाक मारतो आणि प्रतिध्वनी ऐकतो, बाकी त्याला काही येत नाही. त्याच्या पोटात पिझोची चकती असते. विजेचा झटका दिला की ती थरथरते, आणि बाहेरून कोणी तिला थरथरवलं की तीच वीज देते. यातला वीज देण्याचा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता. गाडीच्या मागे तो यायला १९८२ ची टोयोटा कोरोना उजाडली. चकतीची कंपनं सेकंदाला ४० हजार किंवा त्याहून थोडी जास्त. आपला कान २० हजारांशीच हात टेकतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. भिंत अर्ध्या मीटरवर असेल तर जाऊन-येऊन एक मीटर, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले जेमतेम तीन भाग. तेवढा वेळ मोजायचा की अंतर हातात. ठाण्यातल्या मे महिन्यात तापलेल्या हवेतून आवाज जरा जोरात पळतो, पण त्यानं मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटरच इकडेतिकडे होतात. ते सोडून द्या.

मुद्दा त्या हाकेच्या आकाराचा आहे. ती आडवी पसरते, उभी मात्र अरुंद ठेवलेली असते. उभी पसरवली तर सेन्सरला समोरचा रस्ताच ऐकू येत राहील आणि तो दिवसभर ओरडेल. आता तुमची मापं घेऊ. सेन्सर जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर धरा आणि हाकेची खालची कड आडव्या रेषेपासून ३० अंश खाली धरा. कट्टा १५ चा, म्हणजे त्याचा माथा सेन्सरच्या ३५ सेंटिमीटर खाली. हिशेब केला की उत्तर येतं ६० सेंटिमीटर. कट्टा त्याहून जवळ आला की तो हाकेच्या खालून निसटला! माझ्या ओट्याचं हेच झालं होतं. सेन्सर बिघडला नव्हता, त्याच्या दृष्टीनं समोर काही उरलंच नव्हतं. ज्या क्षणी त्यानं सगळ्यात जोरात ओरडायला हवं, नेमका त्याच क्षणी तो गप्प. म्हणून आवाज थांबला की मी आता ब्रेक दाबतो, ॲक्सिलरेटर नाही.

तुमच्या जागेत तर आणखी एक गंमत आहे, आणि दुकानदारानं जागा न बघताच माल सुचवल्यामुळे ती त्याच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. कट्ट्याच्या मागे भिंत आहे. कट्टा हाकेतून निसटला तरी सेन्सर गप्प बसणार नाही, तो भिंतीचं अंतर सांगत राहील. बहुतेक किट ३० सेंटिमीटरच्या आत आल्यावर सलग ओरडतात. तुमचा कट्टा रुंदीला ३५. चोच आणि सेन्सर एका रेषेत धरले, तर चोच कट्ट्याला टेकेल तेव्हा भिंत बरोबर ३५ वर असेल आणि सेन्सर म्हणत असेल, या, जरा जागा आहे. पाच सेंटिमीटरनं दगा.

पण हेच उलटं वापरता येतं. नुसतं टूंटूं करणारं किट घेऊ नका, आकडा दाखवणारं घ्या. आकडा ०.६ दिसला की थांबायचं. भिंत ६० वर म्हणजे कट्टा २५ वर, एक वीत राहिली. हा आकडा फक्त तुमच्या जागेचा आहे. तो पाठ करून सासुरवाडीच्या पार्किंगमध्ये वापरू नका.

‘मग सेन्सरच खाली लावले तर?’ असं तुम्ही विचारणार. मीही विचारलं होतं. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर लावले की त्यांना रस्त्यावरची खडी आणि गटाराची झाकणं ऐकू येतात. वर तोंड करून तिरपे बसवले तर कट्टा पुन्हा सुटतो. किटसोबतच्या कागदावर जी उंची दिलेली असते, साधारण अर्ध्या मीटरच्या आसपास, ती उगाच नसते.

म्हणून भोकं पाडण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. गाडी उलटी लावा. मागचा बंपर बहुतेक अशा गाड्यांत पुढच्यापेक्षा बराच उंच असतो. टेप आहेच, मोजा. तुमच्या १५ च्या कट्ट्यावरून तो गेला तर प्रश्न मिटला. शिवाय १ जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी असेल तर मागचे सेन्सर कायद्यानंच दिलेले आहेत. पुढच्यांची सक्ती नाही. सकाळी निघताना चोच मोकळ्या जागेकडे. फक्त सायलेन्सरची नळकांडी कट्ट्याला भिडत नाहीत ना, हे पहिल्या वेळी कोणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. बाबांना नको.

उलटी लावणं जमत नसेल तर चाकासाठी अडसर लावा, पण बाजारातला नेहमीचा रबरी व्हील स्टॉपर आणू नका. तो दहा सेंटिमीटरचा असतो आणि तुमची चोच साडेअकरावर. ब्रेक मारला की नाक खाली बसतं, ते दीड सेंटिमीटर कुठल्या कुठे जातात, आणि ज्या वस्तूनं चोच वाचवायची तिच्यावरच चोच घासते. हे मी दोन गाड्यांवर पाहिलंय. पाच सेंटिमीटरची रबरी पट्टी पुरते. ती कुठे लावायची याचं गणित करू नका. एका सुट्टीच्या दिवशी सूनबाईंना बाहेर उभं करा, गाडी इंच इंच पुढे घ्या, चोच आणि कट्ट्यात एक वीत उरली की थांबा. पुढच्या दोन्ही चाकांना पट्टी टेकवा, खडूनं खूण करा, मग सोसायटीला विचारून बोल्ट मारा. चाकाला पट्टी लागली की स्टिअरिंगमध्ये कळतं. न कळण्याइतका वेग पार्किंगमध्ये असूच नये.

आता रॅम्प. इथे सेन्सर काहीही करू शकत नाही, तो तिथे उतारालाच भिंत समजून ओरडेल. पुढचं चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून चोचीच्या टोकापर्यंत मोजा. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण अशा गाड्यांत ९० सेंटिमीटरच्या आसपास भरतं. साडेअकराला नव्वदनं भागा. आठास एकच्या रॅम्पवर तुमची गाडी काठावर पास होते. काठावर पास झालेल्याला तोंडी परीक्षेत नापास करणारा परीक्षक म्हणजे ब्रेक. उतार संपतो तिथे लोक ब्रेक मारतात, नाक बसतं आणि टेकतं. ब्रेक वरच मारा, गाडी गोगलगाय करा आणि पायथ्याशी पाय उचलून नुसती सोडा. रुंदी असेल तर तिरपी घ्या, म्हणजे एका वेळी एकच चाक उतारावरून सपाटीवर येतं आणि चोच वर राहते. गतिरोधकालाही हीच युक्ती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे लांबलचक आणि गुळगुळीत. तसा बांधला असता तर तुमची गाडी लोण्यासारखी गेली असती. आपल्या गल्ल्यांत मात्र उरलेलं डांबर ओतून जो उंचवटा होतो, त्याला गतिरोधक म्हणतात.

परदेशी महागड्या गाड्यांत नाक उचलायची सोयच असते. २०२० पासूनच्या शेव्हर्ले कॉर्व्हेटमध्ये हा पर्याय घेतला तर बटण दाबून नाक ४० मिलिमीटर वर येतं, आणि कुठे कुठे उचलायचं अशी हजार ठिकाणं गाडी जीपीएसवर लक्षात ठेवते. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर हजार ठिकाणं गायमुखच्या आधीच संपतील.

एवढं सगळं करूनही सेन्सर हवेच असतील, आणि खांब, दुसऱ्याचा बंपर, भिंत यांच्यासाठी ते चांगले आहेत, तर भोकं पाडा; पण घाई नको. आधी बंपरच्या आत हात घालून बघा. मागे लोखंडी बीम, फॉगलॅम्पचं वायरिंग, इंटरकूलरचा पाइप काहीही असू शकतं. बाहेरून मास्किंग टेप लावून चारही खुणा करा, गाडी सपाट फरशीवर उभी असताना जमिनीपासून मोजा. किटमध्ये मिळालेलाच होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, वापरा, अंदाजाचा नको. प्रत्येक सेन्सरच्या पाठीवर ‘अप’ असं छापलेलं आणि बाण असतो. तो बाण वरच हवा. आडवा बसवला तर हाकेची अरुंद बाजू आडवी होते आणि रुंद बाजू जमिनीवर आदळते. कितीतरी ‘खराब’ सेन्सर मी नुसते फिरवून दुरुस्त केलेत आणि पैसे घ्यायला लाजलोय. तुमच्या बंपरला उतार असेल तर कोन सुधारणारी तिरपी रिंग मिळते, ती मागा. सेन्सर रंगवायचा तर एकच पातळ हात. पेंटरनं थरावर थर चढवले की चकती जाडजूड रजईखाली ओरडल्यासारखी होते.

वायरिंगमध्ये एकच हट्ट धरा : पुढचे सेन्सर चालू-बंद करायला डॅशबोर्डवर बटण हवं. काही जण ते ब्रेकच्या दिव्यावर जोडून देतात. मग तीन हात नाक्याला दर सिग्नलला तुम्ही ब्रेक दाबणार, समोर रिक्षा नाक खुपसणार, आणि गाडीत शंखनाद सुरू होणार. शिवाय नव्या गाड्यांत दिव्याच्या वायरला जोड दिला की कॉम्प्युटर ‘बल्ब गेला’ म्हणून रुसतो. फ्यूज बॉक्समधून इग्निशनवर चालू होणारी लाइन घ्या.

भोकं नकोच असतील तर बंपरच्या आतून चिकटवायची पट्टीही मिळते. ती आवाजावर चालत नाही, विजेच्या क्षेत्रावर चालते, आणि गाडी सरकत असतानाच बोलते. उभी राहिली की गप्प. मला ती मागच्या बाजूलाच बरी वाटते.

तुमच्या कट्ट्यावर खरं औषध पुढचा कॅमेरा. जाळीत, नंबर प्लेटच्या वर, थोडा खाली बघणारा. कॅमेऱ्याला कट्टा ऐकावा लागत नाही, दिसतो. माझ्या मते पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर चार सेन्सरपेक्षा तो घ्या. फक्त त्याची काच मोठ्या कोनाची असते, त्यामुळे सगळं आहे त्यापेक्षा लांब दिसतं. पहिल्या दिवशी कट्ट्यापासून वीतभर अंतरावर गाडी उभी करून पडद्यावर कट्टा कुठे येतो ते बघून ठेवा.

आणि ते तीन ओरखडे? फक्त खालच्या बाजूला असतील तर राहू द्या. वाकून बघणारा एकटाच माणूस आहे, तो म्हणजे तुम्ही. इन्शुरन्सकडे तर अजिबात जाऊ नका. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि वर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो दाव्याविना पहिलं वर्ष गेलं की २० टक्के असतो आणि पाच वर्षं दावा केला नाही तर ५० टक्क्यांपर्यंत चढतो. चोचीच्या रंगासाठी तो घालवू नये.

नेरूळहून एक शिक्षिका विचारतात : आमच्या गाडीला कंपनीनंच पुढे-मागे सेन्सर दिलेत. जूनपासून त्यांनी उच्छाद मांडलाय. समोर कोणी नसतानाही वाजतात. तुर्भ्याकडून येताना शेजारी ट्रक थांबला की हमखास. नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवल्यापासून तर जास्तच. यजमान म्हणतात, वायर उपटून टाकू. मी म्हटलं, आधी विचारते.

उत्तर : बाई, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. वायर उपटली की डॅशबोर्डवर एक दिवा कायमचा पेटेल आणि पुढचं पत्र त्या दिव्याबद्दल येईल.

ट्रकचं कोडं आधी सोडवू. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. थांबल्यावर किंवा सुटताना जो ‘फुस्स’ येतो, त्यातला थोडासाच भाग आपल्याला ऐकू येतो. त्याच्या वरच्या पट्टीत भरपूर कल्लोळ असतो आणि तो सेन्सरच्या पट्टीत येतो. बिचाऱ्याला वाटतं, आपल्याच हाकेला कोणीतरी ओ दिली. ट्रक गेला की गप्प बसतो ना? मग तो दोष नाही.

पावसाचं कारण साधं आहे. चिखलाचा पापुद्रा किंवा पाण्याचा थेंब चकतीवर बसला की ती स्वतःच्याच आवाजात अडकते. मऊ ओल्या फडक्यानं पुसा. सर्व्हिस सेंटरमध्ये धुताना प्रेशरचं नोझल अगदी जवळ धरू देऊ नका.

माझा संशय मात्र नंबर प्लेटवर आहे. गुडघे टेकून बाजूनं बघा. प्लेट किंवा तिची फ्रेम पुढे वाकलेली, एका टोकाला सुटलेली असेल तर मधल्या दोन सेन्सरपैकी एकाच्या हाकेत तिची कड येते आणि मग समोर कायमच कोणीतरी उभं असतं. स्क्रू घट्ट करून, प्लेट सपाट बसवून बघा.

तरी थांबलं नाही तर बोटाची परीक्षा करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, यजमान आत ब्रेकवर पाय ठेवून बसलेले आणि सेन्सरचं बटण चालू. तुम्ही बाजूला उभं राहून एकेका सेन्सरवर बोटाचं टोक अलगद टेकवा. जिवंत सेन्सर बारीक टिकटिक करतो, नाडीसारखी. रात्री शांततेत कान जवळ नेला तर ऐकूही येते. ज्याची नाडी लागत नाही तो गेलेला. चारपैकी एकच बदला. ‘सेट बदलावा लागेल’ म्हणणाऱ्याला विचारा, का?

ऐरोलीहून एक चालक लिहितात : साहेब, मी वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या चालवतो. मोठ्या हॉटेलच्या किंवा मॉलच्या बेसमेंटला लावाव्या लागतात. खालच्या गाड्यांची लई भीती वाटते. ओरखडा आला की मालक म्हणतो, सेन्सर आहेत ना, मग लागली कशी? पगारातून कापतात. काय सांगू त्यांना?

उत्तर : वरचं पहिलं उत्तर कापून खिशात ठेवा आणि दाखवा. सेन्सर असूनही कट्ट्याला लागते, ती गाडीची ठेवणच आहे, हे माझ्या नावावर सांगा.

नवीन मालकाची गाडी हातात घेताना दोन मिनिटं मागा आणि त्यांच्या समोर मोबाइलवर पुढच्या कडेचा खालून फोटो काढा. आधीचे ओरखडे तुमच्या नावावर पडणार नाहीत. याला कोणी हरकत घेतली तर त्या मालकाबद्दल तुम्हाला बरंच कळलं असं समजा.

अनोळखी बेसमेंटमध्ये जागेसमोर थांबा, उतरा, कट्टा आहे का बघा. टाचेपासून घोट्याच्या वरपर्यंतची उंची साधारण दहा-बारा सेंटिमीटर भरते, घरी एकदा पट्टीनं मोजून ठेवा. कट्ट्याशेजारी पाय ठेवायचा. कट्टा घोट्याच्या वर गेला तर गाडी उलटी लावायची. मागची गाडी हॉर्न वाजवेल. वाजवू द्या, त्याच्या पगारातून कापणार नाहीत.

मानपाड्याहून एक आठवीतली मुलगी विचारते : आमच्या शेजारच्या काकांची गाडी रिव्हर्स येताना टूंटूं करते तेव्हा आमचा मोती कान टवकारतो. सेन्सरचा आवाज कुत्र्यांना ऐकू येतो का? त्यांना त्रास होतो का?

उत्तर : मोतीला तू ऐकतेस ती टूंटूं नक्कीच ऐकू येते, ती गाडीतल्या बझरची असते. सेन्सरची खरी हाक वेगळी, सेकंदाला ४० हजार कंपनांच्या वरची. कुत्र्याचा कान साधारण ४५ हजारांपर्यंत जातो, म्हणजे काही सेन्सर त्याला अगदी टोकाला ऐकू येत असतील. मांजर तर ६० हजारांच्याही वर ऐकतं. हाक क्षणभराची असते आणि गाडी जागेवर लागली की थांबते.

पण काकांना एक निरोप दे. गाडीखाली झोपलेलं मांजर सेन्सरला मुळीच ऐकू येत नाही. ते हाकेच्या खाली असतं आणि मऊ केस आवाज गिळतात. पावसाळ्यात मांजरं उबेसाठी इंजिनापाशीही चढून बसतात. म्हणून सकाळी चावी फिरवण्याआधी बोनेटवर दोन थापा मारायच्या आणि खाली एकदा वाकून बघायचं.